नॉख माल

तौफिकने तीन सॉफ्टवेअरं टाकून दिली जुन्या कॉम्प्युटरवर.
म्हणाला, काका, पंधरा दिवस फुकट आहेत,
चालवून बघा, मग ठरवा.
कॅनडा कॉर्नरच्या त्याच्या दुकानात
मी आजवर फक्त मुलीच्या प्रोजेक्टच्या झेरॉक्स काढल्या होत्या.

पहिलं मला हॉटेलात नेऊन बसवतं.
वेटरला हाक मारायला शिकवतं, बिल मागायला,
स्टेशन कुठे ते विचारायला.
आठवड्यात मी चार वेळा जेवलो
आणि दोनदा गाडी चुकवली.
मला कुठे जायचंच नाहीये.

दुसरं कौतुकाचं.
बरोबर आलं की घंटी,
चुकलं की रडवेलं होणारं एक अस्वल.
मी चोपन्न वर्षांचा,
पहाटे पाचला उठून फर्स्ट शिफ्ट गाठायची,
आणि अस्वलाला वाईट वाटू नये म्हणून
साडेअकरापर्यंत जागा.

तिसरं व्याकरणाचं. इंग्रजीतून बजावतं:
घाबरू नका, या भाषेत तीन लिंगं असतात.
मी हसलो. अहो, तो, ती, ते
आम्ही बाळगुटीबरोबर चाटलेत.
मग घसरलो.
सूर्य तिकडे ती. मुलगी ते.
द्राक्ष ती, हे पिंपळगावात जाऊन सांगा कुणी.
मशीनही ती.
एवढं मात्र लगेच पटलं,
एकवीस वर्षं तिच्यासमोर उभा आहे, रुसवे माहीत आहेत.

ब्रून्ससाहेब घेऊन आले होते तिला अंबडला,
लाकडी खोक्यातून.
लेव्हल लावता लावता सहा आठवडे राहिले.
इंग्रजी त्यांचं नि माझं सारखंच लंगडं,
म्हणून बरोबरीनं चालायचो.
जॉब निघाला की मायक्रोमीटर लावायचे, मान हलवायचे:
नॉख माल.
भिकन पळत जाऊन रॅकवरून नवा रॉड आणायचा,
माल मागतायत साहेब!
साहेबांना वाटायचं, पोरगं हुशार,
'पुन्हा एकदा' म्हटलेलं कळतं याला.
सहा आठवडे कुणाचंच काही अडलं नाही.

मार्चमध्ये त्यांच्या बाईंची मेल आली.
मेंदूत गुठळी. जीव वाचला. इंग्रजी गेलं.
डॉक्टर म्हणतात, होतं असं कधीकधी,
नंतर आलेली आधी जाते.
आईची तेवढी उरलीय, तीही तुटक.
खाली एक ओळ:
अंबडची मशीन कशी आहे, हातानं विचारतात.

हे कुठल्या धड्यात असतं?
तिन्हींच्या अनुक्रमणिका पाहिल्या.
विमानतळ, भाजीबाजार, हवामान, छंद.
वैजयंता म्हणाली, मोबाईलला मराठीत सांगा की,
तो बोलेल जर्मन.
बोलला. छान बोलला, बँकेच्या फोनवरच्या बाईसारखा.
पण त्या आवाजाला कूलंटचा वास नव्हता.

पंधराव्या दिवशी तौफिकला म्हटलं,
असं काही नाही का, ज्यात धडेच नाहीत?
रिकामं? शब्द माझे मी भरीन.
तो म्हणाला, आहे ना.
कायमचं फुकट आहे, म्हणून दाखवलं नव्हतं.

पत्त्यांसारखं ते. पुढे मराठी, मागे जर्मन,
आवाज बाईंनी मेलवरून पाठवलेले, एकेक.
स्पिंडल. बेल्ट. तेल. कुरकुर. अजून.
जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसरच्या आडोशाला,
पांडवलेणीच्या डोंगराकडे तोंड करून पुटपुटायचो.
भिकन विचारायचा, कुठला जप धरला, दादा?

रविवारी फोन लावला.
दी माशीने लॉय्फ्ट.
चालतेय मशीन. दोनशे वेळा घोकलेलं,
एकदाच म्हणालो.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
श्वास. कुठेतरी कपाची बशी वाजली.
मग ते म्हणाले, हळू, अडखळत,
नॉख माल.

घरात पलंगावर बसलो होतो,
तरी हात रॉडकडे गेला.